मिठाच्या गावाला आवतान

ज्या वर्षी भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या लीलाधर भोईरच्या थोरल्या लेकीचं, हेमालीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. पोर अठ्ठावीस वर्षांची झाली होती. वसई-विरारपर्यंत स्थळं बघून झाली आणि शेवटी जुळलं ते शेजारच्या राईगावात. सगळं गाव म्हणालं, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मांडव पडायला अजून अवकाश होता, तेव्हा एके सकाळी अंबिकाबाय धवलारीण घरी आली. आगऱ्यांच्या लग्नात भटजीला उशीर झाला तर चालतो, धवलारणीला झालेला चालत नाही. तीच धवले गाते. गाण्यातून गावदेवीला बोलावते, दर्याला बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात आणून बसवते. म्हणून ती आधी येऊन नावं विचारून जाते. लिहून काही घेत नाही. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात बसतं.

पडवीत बसून तिने पान जमवलं आणि म्हणाली, "सांग रं लीलाधर, नावा सांग. तुझा बापूस, आयस, आजा, सगली सांग."

लीलाधरने सांगितली. मग म्हणाला, "अजून एक नाव हाय. स्तांका."

"कोन? कुठल्या आलीतली?"

"आपल्या गावची न्हाय. पोमोरिएची. बल्गेरियात गाव हाय, काल्या दर्याच्या काठी."

अंबिकाबायचं पान तोंडात तसंच राहिलं. आतून लीलाधरची बायको लक्ष्मी ओरडली, "सांगा, सांगा! त्या कोटवालीचं नाव पयलं सांगा. अठ्ठावीस वर्सं तिचा कोट उन्हात घालून माजी कंबर मोडली."

"तू गप," लीलाधर म्हणाला. "अंबिकाबाय, मी तिला शब्द दिलता. हेमालीच्या लग्नाला बोलवीन म्हनून."

अंबिकाबायने पानाची पिचकारी अंगणात टाकली आणि एवढंच विचारलं, "जिती हाय का गेली?"

"तेच ठावं न्हाय," लीलाधर म्हणाला.

"मंग कसं जमंल?" अंबिकाबाय म्हणाली. "जित्या मानसाला आवतान घेऊन त्याच्या उंबऱ्यावर जायला लागतं, अक्षता ठेवायला लागतात. गेलेल्याला मी गान्यातून बोलावते. जित्या मानसाचं नाव पितरांत घेतलं तं त्याचं आयुष्य खुडल्यासारखं होतं. आनि गेलेल्याच्या दारात अक्षता टाकल्या तं तो बिचारा मांडवाच्या बाहेरच उभा ऱ्हातो. मना पक्कं कलव. न्हायतर तिचं नाव माज्या तोंडातून येनार न्हाय."

एवढं सांगून ती गेली. लीलाधर पडवीतच बसून राहिला. हेमाली शेजारी येऊन बसली. तिला ही गोष्ट लहानपणापासून पाठ होती, कारण गोष्टीच्या मध्यावर तिचाच जन्म होता.

"बाबा, आपण शोधू तिला," ती म्हणाली. "तिला बोलावल्याशिवाय मला पण हळद नको."

*

लीलाधर शाळेत गेला होता तो फक्त दुपारी मिळणाऱ्या सुकडीच्या खाऊसाठी, तेही दोनच पावसाळे. मुर्धा-राई-मोर्व्याच्या बाजूला तेव्हा लांबवर मिठागरंच होती. बाप मिठागरात, आई मिठागरात, मग पोरगाही मिठागरात. पुढे एका चुलतभावाने ओळखीने बोटीवर खलाशी म्हणून लावून दिला. हातात पासपोर्ट होता, पण त्यावरचं स्वतःचं नाव त्याला वाचता येत नव्हतं.

लक्ष्मीला सातवा महिना असताना तो ज्या बोटीवर गेला ती बोट नव्हती, गंजाचा डबा होता. काळ्या समुद्रात बुर्गास नावाच्या बंदरात ती पोचली आणि तिथेच अडकली. मालकाने बंदराचे पैसे भरले नव्हते. मालक फोन उचलेना. पगार बंद झाला, मग डिझेल संपलं, मग तांदूळ. बाहेर बर्फ. आणि त्या देशाचीही तेव्हा दैना चाललेली होती. आज ज्या नोटेला पाव मिळायचा तिला उद्या अर्धा मिळायचा. माणसं पहाटेपासून बेकरीसमोर रांगा लावायची.

एक दिवस धक्क्यावर मासळीच्या कारखान्यासाठी मिठाचा ट्रक आला. एक पोतं फाटून मीठ सांडलं. लीलाधर तिथे उभा होता, पोटात काही नव्हतं, पण मीठ बघून हात आपोआप पुढे गेला. बाप करायचा तसं त्याने खडा चिमटीत चुरला, वास घेतला, जिभेच्या टोकावर ठेवला. आणि घराच्या आठवणीने तो तिथेच, चारचौघांत रडायला लागला.

ट्रकच्या पुढच्या सीटवरून एक बाई उतरली. साठी उलटलेली, डोक्याला रुमाल, हात रापलेले आणि बोटांना चिरा. लीलाधरने ते हात बघितले. तसलेच हात त्याच्या आईचे होते. बाईनेही त्याचे पाय बघितले. तळव्यांच्या कडेला मिठाने खाल्लेल्या जुन्या खुणा दिसत होत्या, कारण त्याच्या पायात त्या थंडीत फाटक्या चपला होत्या. ती काहीतरी बोलली. त्यातला एकच शब्द त्याला कळला, तोही तिने मिठाकडे बोट दाखवलं म्हणून. सोल. मीठ. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सोल. मी पन सोल."

बाईने त्याला ट्रकमध्ये बसवलं.

तिचं गाव बंदरापासून जवळच होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खारं तळं, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तळ्याच्या काठाने मिठागरं. पहिल्यांदा बघितल्यावर लीलाधरला वाटलं, कुणीतरी मुर्धा उचलून इथे आणून ठेवलंय, फक्त देऊळ बदललंय. तसेच बांध, तसेच चौकोन, तशीच पाणी सोडायची फट. हिवाळा म्हणून काम बंद होतं आणि वाफ्यांत आभाळ उतरलं होतं.

घर खालून दगडी आणि वरून लाकडी फळ्यांचं. तिने टेबलावर पाव ठेवला, शेजारी वाटीत मीठ. ते मीठ नुसतं नव्हतं. त्यात लाल मिरची होती, मेथी होती आणि कसलातरी वाळवलेला पाला. तिने पाव मोडला, मिठात बुडवला आणि त्याच्या हातात दिला. पाहुण्याला तिकडे आधी हेच देतात.

तुकडा खाल्ल्यावर तिने खुणेने विचारलं, अजून? घरात एकच पाव आहे हे लीलाधरला दिसत होतं. त्याने लाजून मान हलवली, नको. तिने दुसरा तुकडा दिला. त्याने पुन्हा मान हलवली. तिने तिसरा दिला. तिकडे मान आडवी हलवली की हो म्हणतात, हे त्याला चार दिवसांनी कळलं. हेमालीला लहानपणी या जागी नेहमी हसू यायचं. "म्हणजे तुम्ही नको म्हणून म्हणून सगळा पाव संपवलात!"

"संपवला," लीलाधर म्हणायचा. "आनि ती उपाशी झोपली. ते मना नंतर कललं."

ती बाई म्हणजे स्तांका. नवरा दिमो वारलेला, मुलगी राड्का दूरच्या शहरात कापडगिरणीत. तिकडे आजीला बाबा म्हणतात, म्हणून सगळी आळी तिला बाबा स्तांका म्हणायची. लीलाधरने बंदरातून भाईंदरच्या दुकानात फोन लावला, तेव्हा लक्ष्मी पलीकडून रडत रडत विचारत होती, "खाताव काय? ऱ्हाताव कुठं?"

"बाबांकडे."

"कोन बाबा? कुठल्या बुवाच्या नादाला लागलाव?"

तो खुलासा होईपर्यंत पैसे संपले आणि फोन कटला. लक्ष्मीने पुढचा आठवडा नवरा साधू झाला असं समजून काढला.

स्तांकाने त्याला तिचं गाव दाखवलं. मेलेल्या राजाचं, नाहीतर कुणा मोठ्या माणसाचं, गोल थडगं होतं. आत एकच जाड खांब आणि त्यावर सगळं छप्पर, छत्री उघडल्यासारखं. दोन हजार वर्षांच्या जवळपासचं, ती म्हणाली. गावाचं जुनं नाव आन्खिआलो. ग्रीक आले, रोमन आले, तुर्क आले. जो येई तो आधी मिठाकडे बघे. मग तिच्या आजीच्या तरुणपणी, एकोणीसशे सहा साली, माणसांची माणसांशी भांडणं लागली आणि गाव पेटलं. लाकडाचं गाव ते, बघता बघता गेलं. आजी सांगायची, सकाळी राखेतून फिरलो तेव्हा घरं ओळखू येत नव्हती, पण मिठागरं जशीच्या तशी होती. मीठ काय जळणार? म्हणून गाव पुन्हा तिथेच उभं राहिलं. हे सगळं तिने हातवारे करून, टेबलावर मीठ सांडून त्यात बोटाने चित्रं काढून सांगितलं. लीलाधरलाही सांगावंसं वाटलं, आमच्याकडे पोर्तुगीज आले, पेशवे आले, इंग्रज आले. त्याने पण मिठात बोट फिरवलं आणि भाईंदरची खाडी काढली.

बेकरीच्या रांगेत तो रोज तिच्यासोबत उभा राहायचा. बेकरीच्या भिंतीवर कागद चिकटवलेले असत. वर फोटो, खाली मजकूर. तिकडे माणूस गेलं की घरचे असा कागद छापतात आणि दारावर, खांबावर, बसच्या थांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा, मग दर वर्षी. त्यामुळे त्या गावात गेलेली माणसं रस्त्यात भेटत राहतात. रांग लांब आणि थंडी कडक. वेळ जावा म्हणून स्तांका एकेका नावाखाली बोट धरायची. हा इवान, होडी होती याची. ही मारिका, हिच्यासारखं लोणचं कुणाला जमलं नाही. ती अक्षर दाखवायची, लीलाधर आवाज काढायचा. रांगेतल्या बायका हसायच्या, चुकलं की चार जणी सुधारायच्या. असा तो चौतिसाव्या वर्षी वाचायला शिकला. आयुष्यात पहिल्यांदा वाचलेले शब्द म्हणजे कोण गेलं आणि कधी गेलं.

घरी परतल्यावर त्याने त्याच पद्धतीने मराठीही उचलली. नाक्यावरच्या फलकांवरून. फोटो ओळखीचा, म्हणून नाव कळायचं. नाव कळलं की अक्षर सुटायचं.

फेब्रुवारीत भावाचा निरोप आला की मुलगी झाली. स्तांकाने दिवस मोजले, चाळीस झाल्यावर कुठून तरी पीठ पैदा केलं, मोठा गोल पाव भाजला आणि आळीतल्या बायकांना बोलावलं. तिकडे नव्या बाळाचा असाच पाव मोडतात. ज्यांच्या घरी स्वतःला पुरेसा पाव नव्हता, त्या बायकांनी मुर्ध्यातल्या न पाहिलेल्या पोरीच्या नावाने तो मीठ लावून खाल्ला. स्तांका म्हणाली, लग्नाला मला बोलाव. लीलाधरने मान हलवली. आडवी, त्यांच्यासारखी.

वसंतात मिठागराच्या वाफ्यांचे तळ घट्ट करायचं काम निघालं. ते लोक लाकडी रूळ फिरवायचे. लीलाधरने चपला काढल्या आणि बाप-आजोबांसारखं पायाने तुडवायला सुरुवात केली, तोंडाने गाणं म्हणत. बघायला गाव जमलं. दुसऱ्या दिवशी स्तांका आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघींचं मिळून वय दोनशेच्या घरात, घागरे खोचून त्याच्या शेजारी रांगेत उभ्या राहिल्या.

एप्रिलच्या अखेरीला खलाशांच्या संघटनेने तिकिटं काढली. निघताना स्तांकाने नवऱ्याचा जाड लोकरीचा कोट त्याला घातला. वाटेत थंडी लागेल म्हणाली. तो कोट घालून लीलाधर मे महिन्यात भाईंदरला उतरला.

मग तो पुन्हा बोटीवर गेला नाही. मिठागर बंद पडेपर्यंत मिठागरात राहिला, नंतर टेम्पो चालवला. पोमोरिएच्या घराला फोन नव्हता, आणि शेजारच्या घरचा नंबर एक-दोनदा लागून पुढे कायमचा बंद झाला. पण भोईरांच्या घरी पाहुणा आला की आजही आधी तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि वाटीत मिरची-मेथी घातलेलं मीठ येतं. घरातले त्याला म्हातारीचं मीठ म्हणतात. लक्ष्मी कोटाला कितीही नावं ठेवो, ते मीठ तीच कुटते.

*

आता हेमालीच्या नशिबाने म्हणा, लीलाधरचा पुतण्या स्वरूप नुकताच बल्गेरियाला गेला होता. समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात, स्वयंपाकघरात मदतनीस. हेमालीने त्याला फोन लावला. पोमोरिए त्याच्या हॉटेलपासून बसने जवळ निघालं.

"ताई, मी जातोय ना, टेन्शन नको," तो म्हणाला. "आईने अक्षतांची पुडी बॅगेत टाकलीच होती, कुलदेवीची म्हणून. तीच ठेवतो उंबऱ्यावर. पत्ता काय?"

"पत्ता न्हाय," लीलाधर फोनमध्ये म्हणाला. "तल्याच्या बाजूची आली. खाली दगड, वर फल्या. दारात अंजिराचं झाड. नाव स्तांका, काम सोल. एवढं बोल, गाव दाखवंल."

आणि खरंच दाखवलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी घरच्या व्हॉट्सॲपवर पाठोपाठ फोटो पडायला लागले. लीलाधर तेव्हा मांडवाचे बांबू आणायला गेला होता. घरात लक्ष्मी आणि हेमाली. स्वरूपचा आवाज आला:

"काकी, लॉटरी! आजी तर फुल्ल फेमस आहे इकडे! गेटवर तिचा फोटो, खांबावर फोटो, बेकरीवर फोटो, बसस्टॉपवर पण फोटो. आपल्या नाक्यावर भाऊंच्या वाढदिवसाला लावतात ना, सेम तसंच. फक्त ही माणसं कंजूस आहेत, फ्लेक्स नाही, साधा कागद. आणि वर मोठा एक लिहिलाय, म्हणजे नंबर वन! बेल मारली, घरात कोणी नाहीये. हॉल-बिल घेतला असेल पार्टीला. मी केक घेऊन येतोय, मग व्हिडिओ लावतो. काकांना सांगा, आजी मजेत आहे!"

लक्ष्मीने देवापुढे हात जोडले. "जिती हाय गो! जिती हाय!" ती साखरेची वाटी घेऊन आळीत निघाली. जी भेटेल तिच्या हातावर साखर. "आमची बल्गेरियाची आजी जिती हाय. नव्वदीची हाय, गावात फोटो लागलेत!" कोटवाली हा शब्द त्या दुपारी तिच्या तोंडातून गेला तो गेलाच. तिला साडी नेसता येईल का, की शिवलेलंच काही पाठवावं, यावर शेजारणींची चर्चाही झाली.

लीलाधर टेम्पो लावून आला तेव्हा त्याच्याही हातावर साखर पडली. "घ्या! सापडली!" हेमालीने मोबाईल पुढे धरला.

त्याने चष्मा लावला. फोटो स्तांकाचाच होता. तोच रुमाल, तीच रोखून बघायची पद्धत, फक्त तोंड सुरकुतून लहान झालेलं. त्याचं तोंड उजळलं. मग बोटांनी फोटो मोठा करून तो खाली गेला. ओठ हलायला लागले. एकच्या आकड्यापुढे एक शब्द होता. बेकरीच्या भिंतीवर तो शब्द त्याने किती वेळा वाचला होता. वर्ष. एक वर्ष. त्याच्या खाली नाव, त्याच्या खाली तारीख.

हातावरची साखर त्याने परत वाटीत ओतली.

"लक्षे," तो म्हणाला, "वाढदिवस न्हाय. वर्षश्राद्ध हाय."

लक्ष्मी आधी चिडली. "काय अभद्र बोलताव! फोटो हसरा हाय."

"तिकडं असाच लावतात."

"मंग मी आलीभर साखर वाटली ती?" लक्ष्मी म्हणाली. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. ज्या बाईला कधी पाहिलं नाही, जिच्या कोटावर अठ्ठावीस वर्षं वैताग काढला, तिच्यासाठी ती लेकीसारखी रडली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. पडद्यावर स्वरूप, डोक्याला उलटी टोपी, हातात केक, त्यावर पेटलेली मेणबत्ती, मागे दगडी भिंत आणि स्तांकाचा कागद. "सर्प्राइज! काका, बोला हॅपी..."

"स्वरूप," लीलाधर हळू आवाजात म्हणाला, "टोपी काढ. मेनबत्ती इझवू नको, तशीच ऱ्हाऊ दे. बाबा स्तांका गेली. वर्ष झालं तिला. तो कागद त्याचा हाय."

पोराने टोपी ओढून काढली. "काका... आईशपथ, मला वाटलं... मोबाईल लावून वाचलं असतं तरी कळलं असतं. आता मी या केकचं काय करू? कोणी बघितलं तर मारतील मला."

"उभा ऱ्हा तसाच."

लीलाधरला सांगायचं होतं, पाया पड आणि निघ. पण गल्लीच्या तोंडाशी एक बाई दिसली. पांढरे केस, दोन हातांत पिशव्या. ती फाटकाशी येऊन थांबली. परका पोरगा, उघड्या डोक्याने, तिच्या आईच्या फोटोसमोर पेटती मेणबत्ती आणि केक घेऊन उभा. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि छातीवर क्रूस काढला. लीलाधरने तिला एक-दोनदाच पाहिलं होतं, पण हनुवटी आईची होती. राड्का.

तिने फाटक उघडलं. आत गेली, सुरी आणि कागदी रुमाल घेऊन आली, केक कापला. पहिला तुकडा शेजारच्या म्हाताऱ्याला दिला, दुसरा सायकलवरून जाणाऱ्या बाईला थांबवून. घेणारा प्रत्येक जण हळूच म्हणायचा, "बोग दा प्रोस्ती."

"काका, काय म्हणतायत? शिव्या देतायत का?"

"न्हाय रं," लीलाधर म्हणाला. त्याचे डोळे वाहायला लागले होते आणि तो हसतही होता. "तिकडं गेलेल्या मानसाच्या नावानं गोड वाटतात, येनाऱ्या-जानाऱ्याला. घेनारा म्हनतो, देव तिला क्षमा करो. तिला वाटलं तू त्याच्यासाठीच केक आनला. तू चुकला न्हायस पोरा. बरोबर दिवशी बरोबर दारात उभा हाईस."

लक्ष्मीने डोळे पुसले. "मंग माजी साखर?"

"तुजी पन साखर पोचली."

स्वरूपने मोबाईल राड्काकडे वळवला. तिने डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "लिलो?"

पुढचं बोलणं स्वरूपच्या मोबाईलने इकडचं तिकडे करून दिलं, थोडं खुणांनी झालं. राड्काने सांगितलं, आईने त्या दिवशी सकाळी टोमॅटोची रोपं लावली, दुपारी अंजिराखाली खुर्चीत बसली ती उठलीच नाही. आजारी पडली नाही. गावात मिठाचं म्युझियम झालं आहे, जुन्याच पद्धतीने मीठ काढून दाखवतात, तिथे पोरांना शिकवायला आई मागच्या-मागच्या वर्षापर्यंत जात होती. चपला काढून पायाने वाफ्याचा तळ तुडवायची आणि म्हणायची, हे माझ्या भारतातल्या पोराचं.

"माजी कधी वाट बघितली का?" लीलाधरने विचारलं.

राड्का म्हणाली, "नाही. आई म्हणायची, खबर नाही म्हणजे तो पोटभर जेवतोय."

मग तिने विचारलं, "पाल्तो?" हा शब्द लीलाधरला मोबाईलशिवाय कळला. तो आत जायच्या आधीच लक्ष्मी उठली. कपाटातून कोट काढला, कडुलिंबाचा पाला झटकला आणि पडद्यासमोर दोन्ही हातांनी पसरून धरला. एक बटण तेवढं निराळं होतं, लक्ष्मीच्या जुन्या ब्लाउजचं. राड्काने बापाचा कोट बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

स्वरूपने खिशातून पुडी काढली. "काका, अक्षता? उंबऱ्यावर ठेवू की नको?"

"उंबऱ्यावर नको. राड्काच्या हातात दे," लीलाधर म्हणाला. "ती जिती हाय."

*

अंबिकाबायला निरोप गेला. ती पुन्हा पडवीत येऊन बसली आणि सगळं ऐकून घेतलं.

लक्ष्मीच तिला म्हणाली, "आपल्या रक्ताची न्हाय, आपल्या धर्माची न्हाय, चालंल ना? तुजा नेम मोडत असंल तं सांग."

"वर्स झालं, सुतक सरलं, ती पितरांत जाऊन बसली," अंबिकाबाय म्हणाली. "आनि रक्ताचं काय सांगतीस? पितर म्हंजे ज्यांनी आपल्याला जगवलं ते. हा तिकडं मेला असता तं तुज्या कपालाला कुंकू ऱ्हायलं असतं का? नाव सांग रं, नीट सांग. मना बोलायला जमलं पायजे."

तिने ते नाव तीन-चारदा घोळवून घेतलं.

हळदीच्या दिवशी मांडवात पाटावर कोट घडी घालून ठेवला आणि वर स्तांकाच्या नावाची सुपारी. नवरदेवाकडच्या एकाने विचारलं, "एवढ्या उकाड्यात हा कोट कुणाचा?" लक्ष्मी म्हणाली, "यांच्या माहेरचा," आणि हसली. पाहुण्यांना भाकरी आणि म्हातारीचं मीठ फिरलं. दुपारी राड्काचा फोटो आला: अंजिराखाली टेबल, त्यावर मोठा गोल पाव, शेजारी मिठाची वाटी आणि वाटीच्या कडेला मुर्ध्याच्या चार अक्षता.

संध्याकाळी अंबिकाबाय गायला बसली. गावदेवी झाली, दर्या झाला, भोईरांची माणसं एकेक करून आली. मग तिने आवाज थोडा चढवला:

"आवतान गो धाडलं, काल्या दर्याच्या पल्याड,
मिठाच्या गो गावाला, अंजिराच्या दाराला,
यावं गो स्तांकाबाय, लेकीला हलद लावाया."

हेमालीने हळदीच्या हाताने वडिलांचा हात धरला. लीलाधरने मान हलवली. आडवी.

लग्न पार पडलं, मांडव उतरला. मग लीलाधर केबिन रोडवरच्या छपाईच्या दुकानात गेला. पोराने विचारलं, "अंकल, बर्थडे की श्रद्धांजली? फ्लेक्स चार बाय सहा घ्या, खाली शुभेच्छुकांचे फोटो फ्री टाकतो."

"फ्लेक्स नको. साधा कागद दे. वर हा फोटो छाप, खाली जागा मोकली सोड. मी हातानं लिहितो."

तो कागद त्याने स्वतःच्या फाटकावर चिकटवला. आळीतली शाळेची पोरं येता-जाता थांबून मोठ्याने वाचतात. दर वर्षी तो नवा लावणार आहे. त्यावर ठळक अक्षरात एवढंच आहे: स्तांका वल्चेवा, पोमोरिए गावच्या मिठागरात काम करणारी, जन्म १९३३, शुक्रवार दिनांक २६ एप्रिल २०२४ रोजी दुपारी आपल्या घरी वारली.